मीटर टाकलंय का? आयटी कंपनीचं ‘कल्चर’ आणि पंचविशीतली मुलं

माझा भाचा बार्शीचा. दोन वर्षांपूर्वी हिंजवडीतल्या एका मोठ्या आयटी कंपनीत लागला, तेव्हा पहिल्या दिवशी त्याला एक खोका मिळाला. त्यात टी-शर्ट, स्टीलची बाटली, डायरी आणि कंपनीची पाच ‘मूल्यं’ छापलेलं जाड कार्ड. सचोटी, ग्राहकाचा आदर वगैरे. परवा त्याला विचारलं, ती पाच मूल्यं कोणती रे? त्याला तीन आठवली, त्यातलंही एक चुकलं. मग विचारलं, या महिन्यात किती दिवस बिलेबल आहेस? उत्तर तयारच होतं. “एकोणीस. दोन दिवस लीव्ह झाली ना.”

मूल्यं आठवत नाहीत आणि बिलेबल दिवस, म्हणजे ज्या दिवसांचे पैसे ग्राहकाकडून येतात ते, तोंडपाठ आहेत, यात पोराचा दोष नाही. कंपनी त्याला रोज जे विचारते, ते त्याच्या लक्षात राहिलं.

गेली दोन-तीन वर्षं हा विषय थोड्या थोड्या दिवसांनी पेटतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती म्हणाले की तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांची चित्रफीत पसरली. तीत त्यांनी ९० तासांचा आकडा काढला होता आणि रविवारी कामाला बोलावता येत नाही याची हळहळही होती. दर वेळी घरोघर तोच वाद झाला. वडील म्हणाले, आजकालच्या पोरांना कष्ट नकोत. मुलगी म्हणाली, बाबा, कल्चरच टॉक्सिक आहे. वडिलांना वाटलं ती कामाच्या तासांबद्दल बोलतेय. ती बोलत होती भलत्याच गोष्टीबद्दल, आणि ती गोष्ट काय हे तिलाही नीट मांडता येत नव्हतं.

मी या धंद्यात सतरा वर्षं काढली, शेवटची सहा मॅनेजर म्हणून. म्हणजे शिव्या देऊनही झाल्यात आणि खाऊनही. म्हणून थोडं उलगडून सांगतो.

आधी हे ‘कल्चर’ म्हणजे काय

कॅन्टीनमधला टेबल-टेनिस, शुक्रवारची जीन्स, दिवाळीला मजल्यावर काढलेली रांगोळी, या सगळ्याला आपण कंपनीचं कल्चर म्हणतो. अमेरिकेतल्या एमआयटीतले प्राध्यापक एडगर शाइन यांनी संस्थेच्या संस्कृतीचे तीन थर सांगितले होते. वरचा थर डोळ्यांना दिसतो: इमारत, कपडे, रांगोळी. मधला थर म्हणजे संस्था स्वतःबद्दल जे बोलते ते. आणि तळचा थर असा की तो कुठे लिहिलेला नसतो, कुणी उघड बोलत नाही, पण सगळे त्याच्याबरहुकूम वागतात.

आपल्याकडे हे समजायला एमआयटीपर्यंत जायला नको. ‘आमच्यात सुनेला मुलीसारखं वागवतात’ हा मधला थर. सून सकाळी किती वाजता उठते आणि कितव्या पंगतीला जेवते, हा तळचा.

भाचा पहिल्या आठवड्यात मॅनेजरला ‘सर’ म्हणायचा. “अरे सर काय, नावाने हाक मार, आपल्याकडे फ्लॅट कल्चर आहे,” असं मॅनेजरने सांगितलं. याला फार बरं वाटलं. महिनाभराने लक्षात आलं की नावाने हाक मारता येते, पण त्याच्याआधी निघता येत नाही. कुणी अडवत नाही, काही म्हणत नाही. फक्त सात वाजता बॅग उचलली की शेजारचे दोघं घड्याळाकडे बघतात.

नवी मुलं हा तळचा थर फार पटकन ओळखतात, कारण ती नवी असतात. आम्हा जुन्यांना तो दिसेनासा होतो. आता हा थर तयार कशाने होतो? माझं मत असं की तो मॅनेजरच्या स्वभावातून कमी आणि कंपनी पैसे कसे कमावते त्यातून जास्त येतो. म्हणून आधी धंदा पाहू.

धंदा रिक्षाचा आहे

टीसीएस, इन्फोसिस, विप्रो यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग एखादी वस्तू विकून येत नाही. अमेरिकेतली बँक किंवा युरोपातली विमा कंपनी त्यांना काम देते, आणि त्या कामाला लागलेल्या माणसांच्या तासांचे पैसे देते. पैसे येतात डॉलर-युरोत, पगार जातो रुपयांत. टीसीएसकडे सहा लाखांच्या आसपास माणसं आहेत. सोपं करून सांगायचं तर सहा लाख रिक्षा.

रिक्षात गिऱ्हाईक बसलं, मीटर टाकलं, की कमाई सुरू. याला आयटीत ‘बिलेबल’ म्हणतात. रिक्षा स्टँडवर उभी असेल तर ती ‘बेंच’वर. बेंचवरच्या माणसाला पगार मिळतो, पण त्याच्या नावाने ग्राहकाकडून काही येत नाही. शंभरातल्या किती रिक्षा धावतायत हे काही कंपन्या तिमाहीला शेअर बाजाराला सांगतात. इन्फोसिसचा हा आकडा, प्रशिक्षणातली मुलं वगळून, ८५ टक्क्यांच्या आसपास असतो. तो एखाद-दुसऱ्या टक्क्याने घसरला तरी नफ्यावर दिसतो.

(काही कामं मीटरवर नसतात, ‘ठरवून’ असतात: एकरकमी. पण तिथेही आत तास मोजणं चालूच असतं, कारण रक्कम ठरलेली असली की जास्तीचा प्रत्येक तास कंपनीच्या खिशातून जातो.)

एवढं कळलं की हिंजवडीतल्या निम्म्या तक्रारींचा उगम सापडतो. रजा मागितली की मॅनेजरचा चेहरा का पडतो? रजेच्या दिवशी मीटर बंद असतं. बेंचवर आलेला मुलगा घाबरा का होतो, फुकट पगार मिळतोय तर मजा करायची सोडून? जून २०२५ मध्ये टीसीएसने नियम केला की वर्षात २२५ दिवस बिलेबल हवेत आणि बेंचचे दिवस ३५ च्या वर नकोत. नवं गिऱ्हाईक आणायची ताकद तेवीस वर्षांच्या पोराच्या हातात नसते. पण स्टँडवर उभं राहिल्याचा हिशेब त्याच्या नावावर लागतो.

मुलांना खुपतं ते हे. ती म्हणतात ‘टॉक्सिक’, आणि ऐकणाऱ्याला वाटतं बॉस ओरडला असेल. बॉस बहुतेक वेळा ओरडत नाही. बॉससुद्धा त्याच मीटरवर बांधलेला असतो.

रात्रीचे तास येतात कुठून

हा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण बाहेरच्यांना वाटतं की आयटीत काम फार असतं म्हणून मुलं उशिरापर्यंत थांबतात. खरं कारण बऱ्याचदा काम सुरू व्हायच्या कितीतरी आधी, बोली लावताना घडलेलं असतं.

समजा एका कामाला दहा माणसं आणि सहा महिने लागतील असा अंदाज आहे. समोर तीन कंपन्या बोली लावतायत. विक्रीवाला म्हणतो, एवढ्याने काम मिळणार नाही, आठ माणसांत आणि पाच महिन्यांत बसव. मग एक बैठक होते आणि सगळे मिळून तो अंदाज ‘बसवतात’. काम मिळतं, ईमेलवर अभिनंदनाचा पाऊस पडतो. पण काम होतं तेवढंच आहे. दहा माणसांच्या सहा महिन्यांतून जे कापलं, ते कुठून तरी भरून निघणार. ते निघतं टीममधल्या सगळ्यात नव्या, लग्न न झालेल्या, ‘नाही’ म्हणायला न शिकलेल्या तिघा-चौघांच्या रात्रींतून. ग्राहकाला बिल लागतं दिवसाच्या आठ तासांचं. वरचे चार तास कुठल्याच कागदावर नसतात.

असे अंदाज मीही कापले आहेत. तेव्हा आम्ही त्याला ‘स्ट्रेच’ म्हणायचो आणि त्या मुलांना पिझ्झा मागवायचो.

यात घड्याळाची भर. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात होतात. ग्राहकाची सकाळची बैठक आपल्या संध्याकाळवर पडते. सकाळी साडेनऊला हजेरी लावलेल्या मुलाचा दिवस तिथे संपायला हवा. त्याचा तर महत्त्वाचा कॉल अजून सुरू व्हायचा असतो. त्याच्या आधी आणि नंतर वाकडचा पूल आहेच. हिंजवडीच्या फेज तीनपर्यंत रोज जाणाऱ्या माणसासमोर ७० तासांची गोष्ट काढून बघा. तो आधी विचारेल, ट्रॅफिक धरून की सोडून?

“पण पगार बघा ना यांचे!”

हा आक्षेप सगळ्यात आधी येतो, विशेषतः ज्यांच्या घरात अजून कुणी आयटीत नाही त्यांच्याकडून.

लग्नाचा स्वयंपाक डोळ्यांसमोर आणा. एक मुख्य आचारी, दोन-तीन हाताखालचे, आणि कांदे चिरायला, पुऱ्या लाटायला, वाढायला पंचवीस पोरं. यजमान ताटाचा भाव देतो. केटररचा नफा खालची पोरं किती स्वस्त मिळतात यावर ठरतो. आयटी कंपनीही याच आकाराची असते, वर निमुळती आणि खाली रुंद, आणि धंद्यात तिला ‘पिरॅमिड’च म्हणतात. दर वर्षी कॉलेजांतून हजारोंनी भरती होते ती हा तळ रुंद आणि स्वस्त राहावा म्हणून.

२०१२ च्या सुमारास साध्या भरतीतल्या नवख्याला वर्षाला सव्वातीन लाखांच्या आसपास मिळत. आज साडेतीनच्या आसपास मिळतात. सरकारचा महागाई निर्देशांक २०१२ चं वर्ष १०० धरून मोजला जायचा. २०२५ मध्ये तो १९० च्या वर होता. म्हणजे तेव्हा शंभर रुपयांत भरणाऱ्या पिशवीला आता एकशे नव्वद लागतात, आणि पगार मात्र दाराबाहेर चप्पल काढून तिथेच उभा आहे. नुसती बरोबरी साधायलाही सहा लाखांच्या वर हवेत. कठीण परीक्षा पार केलेल्यांना सात-नऊ लाखांच्या वेगळ्या जागा असतात, पण त्या थोड्या. भाच्याच्या हातात पंचवीस हजारांच्या आत-बाहेर येतात. त्यातले नऊ वाकडच्या तिघांच्या फ्लॅटला जातात, पाच घरी.

नोकरीचं पत्र हातात पडलं म्हणजे आकडा पक्का झाला असंही नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये विप्रोने साडेसहा लाखांची ऑफर दिलेल्या नवख्यांना साडेतीन लाखांवर रुजू होता का, असं विचारलं होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये इन्फोसिसने म्हैसूरच्या केंद्रातून तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना घरी पाठवलं. कंपनीचं म्हणणं असं की परीक्षेच्या तीन संधी दिल्या होत्या आणि ही अट करारातच होती. पुण्याच्या ‘नाइट्स’ या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली. कागदावर कंपनी बरोबर असेलही. पण त्यातल्या कित्येकांनी ऑफर मिळाल्यावर बोलावण्याची दोन-दोन वर्षं वाट पाहिली होती. कंपनीने लावलेला उशीर माफ आणि पोरांचे कमी पडलेले मार्क नाहीत, हा धडा त्या बॅचपुरता राहत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून तो शेगावपासून सावंतवाडीपर्यंतच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत त्याच रात्री पोहोचतो.

निष्ठा का राहिली नाही

‘अ‍ॅट्रिशन’ म्हणजे गळती: वर्षभरात शंभरातले किती सोडून गेले. २०२२ च्या एप्रिल-जून तिमाहीत इन्फोसिसची गळती २८.४ टक्क्यांवर गेली होती. टीसीएसची त्याच वर्षी सप्टेंबरला २१.५ होती. कोरोनानंतर कामं धो-धो आली, माणसं कमी पडली आणि उडी मारणाऱ्याला पगार वाढवून मिळू लागला. एकाच कंपनीत राहून वाढ मिळायची पाच-सात टक्के, बाहेर पडून तीस-चाळीस. मग राहतंय कोण? त्या काळात निष्ठावान राहिलेल्यांना आजही चेष्टा सहन करावी लागते. मग मागणी ओसरली तशी गळतीही उतरली. म्हणजे दोन वर्षांत मुलांची निष्ठा वाढली, असं मी तरी म्हणणार नाही.

सोडून जाताना आडवा येतो ‘नोटीस पीरियड’. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत राजीनामा दिल्यावर ९० दिवस थांबावं लागतं. नवी कंपनी म्हणते तीस दिवसांत या. शिवाय नियम दोन्हीकडून सारखा वाटत नाही. मुलाला जायचं असेल तर तीन महिने लागतात. कंपनीला मुलगा नको असेल तर बंद खोलीतली वीस मिनिटांची बैठक पुरते, कारण ती नोटिशीच्या काळाचा पगार देऊन मोकळी होऊ शकते. मुलाला तोच काळ पैसे भरून विकत घ्यायचा तर बचतच नसते. आणि असली तरी कंपनीची परवानगी लागते.

‘मूनलायटिंग’चंही तेच. नोकरी सांभाळून चोरून दुसरं काम करणं. सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी सांगितलं की प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठीही काम करणाऱ्या ३०० जणांना काढलं. त्याआधीच त्यांनी या प्रकाराला सरळ फसवणूक म्हटलं होतं. प्रतिस्पर्ध्यासाठी काम करणं गैरच आहे, यावर मी प्रेमजींच्या बाजूचा. पण शनिवारी कुणाची वेबसाइट करून देणाऱ्या पोरालाही त्याच यादीत बसवायचं, हे पटत नाही. आपल्याकडे बँकेतला कारकून संध्याकाळी विम्याच्या पॉलिस्या विकायचा आणि मास्तर शिकवण्या घ्यायचे. त्याला आपण धडपड्या म्हणायचो.

सगळ्यात खोल परिणाम झाला असेल तर जुलै २०२५ च्या बातमीचा. टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या घरात माणसं कमी करायचं जाहीर केलं, आणि त्यात भर होता मधल्या आणि वरच्या फळीवर. कंपनीच्या दृष्टीने हा हिशेब सरळ आहे, तिथे पगार मोठे असतात. पण पंचविशीतल्या मुलाने काय पाहिलं? ज्याने त्याला निष्ठेवर भाषण दिलं, तो वीस वर्षांचा निष्ठावान माणूस खोका घेऊन लिफ्टमध्ये उभा. माणूस आपल्यापेक्षा दहा-पंधरा वर्षं पुढे असलेल्यांचं काय होतं ते बघून शिकतो. मेव्हण्यांनी पिंपरीच्या कारखान्यात तीस वर्षं काढली. त्यांच्यापुढचे फोरमन सत्यनारायण घालून निवृत्त होताना त्यांनी पाहिले, म्हणून ते टिकले. निष्ठा त्यांच्या रक्तात होती असं काही नाही. तिथे युनियन होती, ठरावीक वर्षांनी वेतन करार व्हायचा आणि ‘पर्मनंट’ या शब्दाला वजन होतं.

“आपण एक कुटुंब आहोत”

हे वाक्य वर्षातून चारदा तरी कानावर पडतं आणि मुलं ऐकताना एकमेकांना मीम पाठवतात. त्यांचा राग कळण्यासारखा आहे. तसं पाहिलं तर प्रत्येक कुटुंबात एखादा काका बेंचवर असतोच. त्याला पस्तीस दिवसांत कुणी काढत नाही.

कुटुंबात ‘बेल कर्व्ह’ही नसतो. तो एकदाच समजावून सांगतो. वर्षाच्या शेवटी मॅनेजरने टीमची प्रतवारी लावायची: थोडे उत्तम, बरेच मधले, थोडे खालचे, आणि प्रत्येक कप्प्यात किती हे आधीच ठरलेलं. कुंभार दहा मडकी घडवतो आणि दहाही चांगली निघतात, तरी गिऱ्हाइकाचा नियम आहे की एक तडकलेलं म्हणून दाखवायचंच. मायक्रोसॉफ्टने असली सक्तीची प्रतवारी २०१३ मध्ये बंद केली. आपल्याकडेही पुष्कळ ठिकाणी हे नाव काढून टाकलंय. नाव गेलं तरी वाढीचे पैसे ठरलेलेच असतात, म्हणून वाटप त्याच आकारात होतं.

मॅनेजर असताना एका वर्षी खालच्या कप्प्यात कुणाला टाकायचं हे मला सुचेना. ज्या मुलीचं त्या वर्षी लग्न झालं आणि जी बहुधा नवऱ्याबरोबर बंगळूरला जाणार होती, तिचं नाव मी लिहिलं. तिचं काम चांगलं होतं. ती तीन महिन्यांनी गेली. जाताना बाहेर पडायच्या मुलाखतीत तिने ‘वैयक्तिक कारण’ लिहिलं, कारण सगळे तेच लिहितात.

“सर्व्हेत तर समाधानी दिसतात”

कंपन्या वर्षाला एक पाहणी करतात. निनावी असते म्हणे. वरचे तीन प्रश्न: शहर, वयोगट, प्रोजेक्ट. सहा जणांच्या टीममध्ये पंचविशीच्या आतली एकच मुलगी असेल तर निनावी कसलं डोंबल! ती पाचपैकी चार देते. सगळ्यांना पाच दिले तर खोटं वाटतं, तीन दिले तर बैठक लागते.

तेव्हा आकड्यांवर फार विसंबू नये. पण मुलांचं सगळंच म्हणणं काळं आहे असंही नाही, आणि हे सांगितलं नाही तर मी एकतर्फी लिहिल्यासारखं होईल. भाच्याला नोकरी लागली तेव्हा कुणाचा वशिला लागला नाही, कुणी आडनाव विचारलं नाही. त्याच्या वर्गातल्या मुली सोलापूर-लातूरकडून एकट्या पुण्यात आल्या, आणि रात्री कंपनीची गाडी त्यांना दारापर्यंत सोडते. टीसीएसमध्ये बायकांचं प्रमाण पस्तीस टक्क्यांच्या आसपास आहे. आपल्याकडच्या किती उद्योगांत ते दिसतं? आरोग्यविमा आहे, प्रशिक्षण आहे. चुकलं तरी कुणी कानाखाली वाजवत नाही. हे मुलंच सांगतात, आणि कृतज्ञतेने सांगतात. तरीही ती सोडून जातात. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. वडिलांच्या पिढीला ते पचत नाही, कारण त्यांच्याकडे नोकरी सोडणं म्हणजे उपकार विसरणं होतं.

“आवडत नसेल तर दुसरीकडे जा”

जातातच. पण शेजारच्या इमारतीतही रिक्षाच आहेत. फरक पडतो तो स्वतःचं उत्पादन असलेल्या कंपन्यांत, किंवा परदेशी कंपन्यांनी बालेवाडी-खराडीकडे उघडलेल्या स्वतःच्या केंद्रांत. तिथे तास बाहेर विकायचे नसतात. म्हणून मुलांचा ओढा आता तिकडे आहे. तिथेही त्रास असतोच, फक्त तो वेगळ्या हिशेबातून येतो.

मग कायदा काय करतो?

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकानं व आस्थापना कायद्यात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आली. त्यावर काम केलं तर दुप्पट दराने मोबदला. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा १० तासांवर न्यायला मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तशीच ठेवली. आता ७० आणि ९० हे आकडे या ४८ शेजारी ठेवून बघा.

कायदा आहे तर राबत का नाही? एक तर जास्तीचे तास कागदावरच येत नाहीत, ते वर सांगितलं. दुसरं, व्यवस्थापकीय पदावरच्यांना हा कायदा लागत नाही. आयटीत पाच वर्षांत सगळ्यांच्याच पदनामात ‘लीड’ किंवा ‘मॅनेजर’ येतं, मग हाताखाली कुणी असो वा नसो. तिसरं, तक्रार करणार कोण? पुढची कंपनी जुन्या कंपनीला फोन करून चौकशी करते, ही भीती पक्की बसलेली आहे. २०२४ मध्ये पुण्यातल्या एका बड्या लेखापरीक्षण कंपनीत रुजू होऊन चारच महिने झालेल्या तरुणीचा मृत्यू झाला. तिच्या आईचं पत्र देशभर वाचलं गेलं. मग कामगार खात्याची माणसं त्या कार्यालयात गेली, तेव्हा कळलं की या कायद्याखाली त्या जागेची नोंदणीसुद्धा नव्हती.

सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत एक खासगी विधेयक मांडलं होतं. कामाची वेळ संपल्यावर फोन न उचलण्याचा हक्क मिळावा, असं त्यात होतं. फ्रान्समध्ये असा हक्क २०१७ पासून आहे, ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून. आपल्याकडे मंत्री नसलेल्या सदस्याचं विधेयक शेवटचं मंजूर झालं ते १९७० मध्ये. त्यामुळे मुलं त्या बातमीची लिंक पाठवतात, खाली हसणारा चेहरा टाकतात आणि रात्री साडेआठचा कॉल जोडतात.

एआय आल्यावर

पुऱ्या लाटायचं यंत्र आलं की पंचवीस पोरं लागत नाहीत. नवख्यांकडून करून घेतलं जाणारं बरंचसं चाचणीचं आणि साचेबंद कोडिंगचं काम आता एआय करू लागलंय. ग्राहक विचारतो, यंत्र आहे तर तासांचे पैसे का देऊ? पिरॅमिडचा तळ अरुंद झाला तर उद्याचा आचारी कुठून यायचा, याचं उत्तर कंपन्यांनी अजून दिलेलं नाही. एक शक्यता मला चांगली वाटते. तास विकणं सोडून केलेल्या कामाचा दाम घ्यायला लागले, तर सात वाजता बॅग उचलणाऱ्याकडे कुणी बघणार नाही. दुसरी शक्यता अशी की रिक्षा कमी होतील आणि उरलेल्यांचं मीटर आणखी जोरात पळेल. सध्याची चिन्हं दुसरीची आहेत.

तोवर, मुलाखतीला जाणारी मुलं विचारतात की कल्चर कसं आहे हे कळणार कसं? मी त्यांना सांगतो, मूल्यांचं कार्ड राहू दे. नोटीस किती दिवसांची, बेंचवर किती दिवस ठेवतात, मागच्या वर्षी टीममधल्या किती जणांनी सलग दहा दिवस रजा घेतली, एवढं विचार. शेवटच्या प्रश्नाला समोरचा किती वेळ गप्प राहतो ते मोज.

भाच्याचा प्रोबेशनचा काळ मागच्या वर्षी संपला आणि ‘कन्फर्म’ झाल्याची ईमेल आली. त्याने आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, फोन केला. पलीकडून ती म्हणाली, “म्हणजे पर्मनंट झालास?” तो क्षणभर थांबला आणि “हो” म्हणाला. संध्याकाळी बार्शीत गल्लीभर पेढे वाटले गेले. नोटीस ३० दिवसांची होती ती आता ९० झाली, हे त्याने मला एकट्यालाच सांगितलं.